मंदीतला पैसा विद्यापीठांच्या दारी

२००९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, ‘चॅलेंज ग्रँट’ नावाची एक अनुदान योजना जाहीर केली. वर्षाला ५ लाख डॉलरपर्यंत पैसे, मुदत दोनच वर्षं आणि अर्जाची शेवटची तारीख २७ एप्रिल. संस्थेने सुरुवातीला यासाठी निदान २० कोटी डॉलर राखून ठेवले होते. हिशेब केला तर साधारण दोनशे प्रकल्प बसतील एवढी ही रक्कम. अर्ज आले २० हजारांहून अधिक. सरकारचं अर्ज स्वीकारणारं संकेतस्थळ मेटाकुटीला आलं, हजारो प्राध्यापकांना परीक्षक म्हणून बोलवावं लागलं. राखीव रक्कम पुढे वाढवूनही पैसे मिळाले ते ८४० च्या आसपास प्रस्तावांना. शंभरातले चार.

उरलेल्या एकोणीस हजारांचं काय झालं, याची नोंद कुठल्याही सरकारी अहवालात ठळकपणे नाही. संशोधनाचा अर्ज म्हणजे दोन पानी विनंतीपत्र नव्हे. त्यात प्रयोगाची आखणी, आधीच्या कामाचे पुरावे, माणसांचं आणि उपकरणांचं अंदाजपत्रक, विद्यापीठाच्या लेखा विभागाची संमती असं सगळं असतं. एकेका अर्जामागे प्रयोगशाळेचे काही आठवडे खर्ची पडतात. म्हणजे मंदीतून सावरण्यासाठी आलेल्या पैशाने देशातल्या हुशार माणसांचा प्रचंड वेळ आधी गिळला. तरीही या सगळ्या प्रकाराकडे केवळ गोंधळ म्हणून पाहू नये असं मला वाटतं. सरकारचा आणीबाणीचा पैसा आणि विद्यापीठातलं काम यांचे वेग किती वेगळे असतात, हे इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ही घाई आली कुठून, ते आधी पाहू. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली आणि आधीच मंदीत असलेली अमेरिकन अर्थव्यवस्था कोसळू लागली. जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा महिन्याला सात-आठ लाख नोकऱ्या जात होत्या. महिनाभरात नव्या सरकारने संसदेकडून एक अवाढव्य कायदा मंजूर करून घेतला आणि १७ फेब्रुवारीला डेन्व्हरच्या निसर्ग व विज्ञान संग्रहालयात ओबामांनी त्यावर सही केली. ‘अमेरिकन रिकव्हरी अँड रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट’ हे त्याचं नाव, आणि आकार ७८७ अब्ज डॉलरचा. ढोबळमानाने एक तृतीयांश करसवलती, एक तृतीयांश बेकारभत्ता व राज्यांना मदत, आणि उरलेला भाग रस्ते, वीज, आरोग्य, विज्ञान यांसाठी.

यामागचा विचार १९३० च्या दशकातला, अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सचा. मंदीत प्रत्येक कुटुंब आणि प्रत्येक कंपनी आपापल्या परीने शहाणपणाने हात आखडता घेते. पण एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असल्यामुळे सगळ्यांनी मिळून हात आखडला की सगळेच गरीब होतात. अशा वेळी ज्याला कर्ज काढता येतं आणि ज्याला दिवाळं निघण्याची भीती कमी, त्या केंद्र सरकारने खर्च वाढवावा. या तर्कात काळाला फार महत्त्व आहे. लोक बेकार असताना पैसा खेळता झाला पाहिजे. तीन वर्षांनी झालेला खर्च तीन वर्षांनी उपयोगी पडेल, पण आज घरी बसलेल्या माणसाला त्याने काम मिळत नाही. म्हणून बहुतेक रक्कम ३० सप्टेंबर २०१० पर्यंत वाटून मोकळं होण्याची सक्ती होती.

आता राज्यांची स्थिती पाहा, कारण सार्वजनिक विद्यापीठांचा जीव तिथे अडकलेला असतो. अमेरिकेतल्या ५० पैकी ४९ राज्यांवर अर्थसंकल्प संतुलित ठेवण्याचं या ना त्या स्वरूपाचं बंधन आहे. अपवाद एकट्या व्हर्मांटचा. मंदी आली की विक्रीकर आणि आयकर आटतात. त्याच वेळी नोकरी गेलेली कुटुंबं ‘मेडिकेड’ या गरिबांच्या आरोग्य योजनेत येतात, म्हणजे खर्च वाढतो. कर्ज काढून वेळ मारून नेण्याची सोय नाही. मग राज्यं कपात करतात, आणि ती करताना पहिली नजर उच्च शिक्षणावर जाते. शाळा बंद ठेवता येत नाहीत, कैद्यांना सोडता येत नाही, पण विद्यापीठाला सांगता येतं की तुम्ही शुल्क वाढवा. श्रीमंत खासगी विद्यापीठांचीही त्या वर्षी वाताहत झाली. हार्वर्डचा निधी एका आर्थिक वर्षात २७ टक्क्यांहून जास्त घटला. पण हार्वर्डकडे घटल्यावरही काही अब्ज उरतात. राज्य विद्यापीठाच्या मुलाच्या हातात उरतं ते वाढीव शुल्काचं बिल.

केंद्र खर्च वाढवतंय आणि त्याच वेळी पन्नास राज्यं तो आखडतायत, असं झालं तर उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. हे थांबवण्यासाठी कायद्यात ५३.६ अब्ज डॉलरचा राज्य स्थैर्य निधी होता. त्यातला सुमारे ५ अब्जांचा भाग शिक्षणमंत्र्यांच्या हाती स्पर्धात्मक योजनांसाठी ठेवला होता. राज्यांना मिळालेल्या वाट्यापैकी ८१.८ टक्के रक्कम शाळा व सार्वजनिक महाविद्यालयांसाठी आणि १८.२ टक्के रक्कम पोलीस, अग्निशमन व इतर सरकारी सेवांसाठी. कॅलिफोर्नियाने हा दुसरा वाटा तुरुंग कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी वापरला. मेडिकेडसाठीची वाढीव मदत वेगळी, ती सुमारे ८७ अब्जांची. राज्यांनी केंद्राचा पैसा घेऊन स्वतःचा हात काढून घेऊ नये म्हणून एक अटही होती: शिक्षणावरचा राज्याचा खर्च २००६ च्या पातळीखाली जाता कामा नये. अट घालणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण २००६ ही पायरी इतकी खाली होती की राज्याला मधल्या वर्षांतली वाढ काढून घेऊन तिथे केंद्राचा पैसा भरायला भरपूर जागा राहिली. काही राज्यांनी नेमकं तेच केलं.

सगळ्यांना हा पैसा हवासा होता असंही नाही. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर मार्क सॅनफर्ड यांनी आपल्या राज्याच्या वाट्याचे सुमारे ७० कोटी डॉलर घ्यायला नकार दिला. घ्यायचेच असतील तर त्यातून राज्याचं कर्ज फेडू, असं त्यांचं म्हणणं. व्हाइट हाउसने ते मान्य केलं नाही. मंदीत खर्चासाठी दिलेला पैसा कर्जफेडीत गेला तर त्याचा उद्देशच संपतो. राज्यात त्या वसंतात बेकारी ११ टक्क्यांवर गेली होती आणि शाळा शिक्षकांना कमी करण्याच्या याद्या बनवत होत्या. विधिमंडळाने पैसा अर्थसंकल्पात धरला, गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तोही मोडून काढला. तरी गव्हर्नर अर्जावर सही करेनात. शेवटी एक शाळकरी विद्यार्थिनी आणि कायद्याचा एक विद्यार्थी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ जून २००९ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला: विधिमंडळाने खर्च मंजूर केला आहे, अर्ज करणं हे आता गव्हर्नरांचं कर्तव्य आहे. काही दिवसांत अर्ज गेला.

सॅनफर्ड यांच्या आक्षेपात एक मुद्दा मात्र खरा होता. दोन वर्षांनी हा पैसा थांबेल तेव्हा काय, असं ते विचारत होते. त्यांचा उपाय मला चुकीचा वाटतो, पण प्रश्नाचं उत्तर त्यांच्या विरोधकांपैकी कुणीच नीट दिलं नव्हतं. तो प्रश्न पुढे पुन्हा आला.

राज्यांना दिलेल्या मदतीची अडचण अशी की तिचं यश दिसत नाही. पूल बांधला तर त्यावर पाटी लावता येते. ज्या शिक्षिकेला काढलं नाही, ती दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी वर्गात उभी असते. तिच्याकडे बोट दाखवून कोण सांगणार? सरकारने तसा प्रयत्न केला. पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने दर तिमाही संपल्यावर दहा दिवसांत किती नोकऱ्या निर्माण झाल्या किंवा वाचल्या ते कळवायचं, आणि ते आकडे जनतेसमोर मांडायचे. ऑक्टोबर २००९ च्या शेवटी पहिला मोठा आकडा आला: सुमारे ६ लाख ४० हजार नोकऱ्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त, सव्वातीन लाखांच्या आसपास, शिक्षणातल्या. काही दिवसांतच पत्रकारांच्या लक्षात आलं की ॲरिझोनाच्या १५ व्या मतदारसंघातही नोकऱ्या वाचल्याची नोंद आहे. ॲरिझोनात तेव्हा मतदारसंघच आठ होते. अर्ज भरताना कुणीतरी चुकीचा क्रमांक टाकला होता, आणि अशा चुका देशभर होत्या. चूक कारकुनी होती, पण टीकाकारांना तेवढं पुरलं. डिसेंबरमध्ये सरकारने ‘वाचलेल्या’ नोकऱ्या मोजण्याचा नाद सोडला आणि या पैशातून ज्यांचा पगार होतो त्या सगळ्या नोकऱ्या मोजायच्या, असा नियम केला.

मोजणीचा हा प्रश्न पुढे अर्थतज्ज्ञांनी बराच चांगला सोडवला. गॅब्रिएल चोडोरो-राइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेडिकेडची जादा मदत कमी-अधिक प्रमाणात मिळालेल्या राज्यांची तुलना केली. मदतीचा एक भाग मंदीआधीच्या खर्चावर ठरत होता, म्हणजे राज्य मंदीत किती बुडालं यावर तो अवलंबून नव्हता. त्यामुळे मदतीचा परिणाम वेगळा काढता आला. दर १ लाख डॉलरमागे ३.८ माणूस-वर्षं इतका रोजगार वाढला, आणि त्यातला बहुतेक रोजगार सरकार, आरोग्य व शिक्षण या क्षेत्रांच्या बाहेर होता. रुग्णालयाचं बिल सरकारने भरलं, राज्याची कपात टळली, आणि त्याचा फायदा दुकानं आणि कारखान्यांपर्यंत गेला.

पण या मदतीने सगळं वाचलं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने शुल्कात ३२ टक्के वाढ मंजूर केली. त्याआधी प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना बिनपगारी सुट्ट्या घ्यायला लावल्या होत्या. विद्यार्थी रस्त्यावर आले, इमारती ताब्यात घेतल्या गेल्या. केंद्राच्या पैशाशिवाय ही वाढ आणखी मोठी झाली असती हे खरं. पण कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला त्या ‘असती’चा काय दिलासा?

इथे त्या कायद्याच्या जन्मातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे पुढचं बरंच ठरलं. सिनेटमध्ये या कायद्याला ६० मतं लागणार होती आणि त्यासाठी रिपब्लिकन पक्षातली तीन मतं मिळवणं भाग होतं: मेनच्या सुझन कॉलिन्स आणि ऑलिंपिया स्नो, आणि पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर. स्पेक्टर स्वतः कर्करोगातून उठलेले, आणि वैद्यकीय संशोधनाचा निधी वाढवण्यासाठी वर्षानुवर्षं झगडणारे. मूळ मसुद्यात एनआयएचसाठी साडेतीन अब्ज डॉलर होते. स्पेक्टर यांनी त्यात आणखी साडेसहा अब्ज घालायला लावले. इतर तरतुदी धरून अंतिम रक्कम १०.४ अब्ज झाली. संस्थेचं वर्षाचं अंदाजपत्रक तेव्हा ३० अब्जांच्या आसपास होतं, यावरून या वाढीचा आकार कळावा. त्याच वाटाघाटीत राज्यांच्या स्थैर्य निधीला मात्र कात्री लागली. प्रतिनिधिगृहाने ७९ अब्ज सुचवले होते, सिनेटने त्यातले ४० अब्ज कापले, तडजोडीअंती ५३.६ उरले. प्रयोगशाळेला अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं आणि वर्गखोलीला कमी, आणि दोन्हींच्या मागे मूठभर सिनेटरांची मतं होती. कर्करोगावरचं संशोधन वाढलं याचा आनंद मलाही आहे. पण ज्या विद्यापीठात ही प्रयोगशाळा आहे त्याच विद्यापीठाचे वर्ग राज्याच्या पैशावर चालतात. दोन खिसे वेगळे असले तरी अंगरखा एकच आहे.

संशोधनाचा पैसा आला तेव्हा दोन संस्थांनी तो दोन रीतींनी वाटला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग तिथे आहे. एनआयएचने आपल्याकडच्या चांगल्या प्रस्तावांना पैसे दिलेच, पण त्याबरोबर चॅलेंज ग्रँटसारख्या नव्या स्पर्धाही उघडल्या. दुसरी संस्था राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान, म्हणजे एनएसएफ. तिच्या वाट्याला ३ अब्ज डॉलर आले होते. त्यांपैकी संशोधन अनुदानांचे सुमारे २ अब्ज तिने प्रामुख्याने आधीच दाखल झालेल्या प्रस्तावांना द्यायचं ठरवलं. परीक्षकांनी उत्तम शेरा मारलेले, पण पैशाअभावी अडलेले प्रस्ताव तिच्याकडे ढिगाने होते. नव्याने अर्ज मागवायची गरजच पडली नाही. प्रथमच अनुदान मागणाऱ्या तरुण संशोधकांना त्यात प्राधान्य मिळालं. शिवाय एनएसएफने पाच वर्षांपर्यंतची पूर्ण रक्कम एकदम मंजूर केली, तर एनआयएचची बहुतेक अनुदानं दोन वर्षांची होती. घाई दोघींनाही सारखीच होती. एकीकडे तपासून ठेवलेलं काम जास्त कामी आलं, दुसरीने त्याच्या जोडीला नव्याने मागणीही केली.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून उभ्या राहिलेल्या आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेल्या रोजगार हमी योजनेत तलाव, बंधारे, रस्ते यांची मंजुरी आणि अंदाजपत्रकं झालेली कामं जिल्ह्यात ‘शेल्फवर’ तयार ठेवण्याची पद्धत होती. मजुरांनी काम मागितलं की नव्याने सर्वेक्षण करत बसायचं नाही. जिथे शेल्फवर काम नव्हतं तिथे माणसं ताटकळली, किंवा खडी फोडण्यासारख्या वरवरच्या कामावर लावली गेली. संकटात पैसा किती आला याइतकंच संकटाआधी कागद तयार होते का यालाही महत्त्व आहे, हे आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या जुन्या तलाठ्यांना कुणी शिकवायला नको.

शेल्फवरून उचललेल्या कामांतली मोठी कामं म्हणजे एनएसएफचे तीन प्रकल्प. त्यांच्यासाठी मिळून ४० कोटी डॉलर होते. अलास्का विद्यापीठासाठी बर्फातून वाट काढणारं संशोधन जहाज ‘सिकुलिआक’, त्याला सुमारे १४.८ कोटी, हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरची सौर दुर्बीण, तिला १४.६ कोटी, आणि समुद्राच्या तळाशी व पृष्ठभागावर कायमची उपकरणं बसवण्याची महासागर निरीक्षण योजना, तिला १०.६ कोटी. तिन्हींची आखणी कित्येक वर्षांपासून चालू होती. जहाजाचं जलावतरण विस्कॉन्सिनमधल्या मरिनेट इथे ऑक्टोबर २०१२ मध्ये झालं. मंदीने पोळलेल्या त्या प्रदेशातल्या गोदी कामगारांना काम मिळालं. चार मीटर व्यासाच्या आरशाची ती दुर्बीण, आता तिला सिनेटर डॅनियल इनोये यांचं नाव आहे, तिची पहिली चित्रं जगाने जानेवारी २०२० मध्ये पाहिली. मंदी अधिकृतपणे जून २००९ मध्येच संपली होती. मंदीवरचा उतारा म्हणून मोजलं तर ही दुर्बीण जवळजवळ निरुपयोगी, इतकी ती उशिरा आली. सूर्याचा पृष्ठभाग इतक्या बारकाईने पाहणारं साधन म्हणून मोजलं, तर तो पैसा अतिशय चांगला खर्च झाला. एकाच खर्चाला दोन फूटपट्ट्या लावल्या की असं होतं, आणि कोणती पट्टी कुठे लावायची हे न ठरवता वाद घालणाऱ्यांनी त्या वर्षांत पुष्कळ शाई वाया घालवली.

कर्करोगाच्या जनुकांचा नकाशा बनवणाऱ्या ‘कॅन्सर जीनोम ॲटलास’ची गोष्टही अशीच. २००६ मध्ये तीन कर्करोगांवर चाचणीदाखल काम सुरू झालं होतं. २००९ मध्ये त्याला १७.५ कोटी डॉलर मिळाले आणि काम वीसहून अधिक कर्करोगांपर्यंत नेण्याचं ठरलं. शेवटी ३३ प्रकारच्या कर्करोगांचे ११ हजारांहून अधिक रुग्णांचे नमुने तपासले गेले, आणि ही माहिती जगभरच्या संशोधकांना खुली झाली. नमुने गोळा करायची, पेशी वेगळ्या करायची, जनुकक्रम वाचायची यंत्रणा आधी उभी होती. पैशाने तिचा वेग वाढवला.

एक उदाहरण मात्र उलट्या बाजूचं, आणि त्याचा धागा मुंबईला जोडलेला. ऊर्जा क्षेत्रातल्या धाडसी संशोधनासाठी ‘आर्पा-ई’ नावाची संस्था २००७ च्या एका कायद्याने कागदावर जन्माला आली होती. तिला पैसा कुणी दिला नव्हता. २००९ च्या कायद्याने तिला ४० कोटी डॉलर दिले आणि ती खऱ्या अर्थाने सुरू झाली. पहिले संचालक झाले अरुण मजुमदार, आयआयटी मुंबईचे १९८५ चे यांत्रिकी अभियंता, नंतर बर्कलेचे प्राध्यापक. पहिल्याच फेरीत साडेतीन हजारांहून जास्त संकल्पना आल्या. निवडल्या फक्त ३७, त्यांना मिळून १५.१ कोटी डॉलर. नाकारलेल्यांचं प्रमाण चॅलेंज ग्रँटपेक्षाही वाईट. फरक एवढाच की इथे आधी काही पानांची संकल्पना मागवली, ती चाळून मोजक्यांनाच पूर्ण प्रस्ताव लिहायला सांगितलं. हजारो माणसांचे आठवडे वाचले. आर्पा-ई आजही चालू आहे, आणि मंदीच्या त्या पैशातून उभी राहिलेली कदाचित ही सगळ्यात टिकाऊ संस्था असावी.

विद्यापीठाला दिलेल्या संशोधन अनुदानातून नेमका कुणाला रोजगार मिळतो, हेही याच काळात प्रथम बारकाईने मोजलं गेलं. २०१० मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात विद्यापीठांच्या पगारपत्रकांवरून अनुदानाचा माग काढायला सुरुवात झाली. मिशिगन, विस्कॉन्सिन, ओहायो स्टेट, पर्ड्यू अशा मध्य-पश्चिमेकडच्या विद्यापीठांचा त्यावर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. केंद्राच्या अनुदानातून पगार मिळणाऱ्यांत प्राध्यापक पाचात एकाहूनही कमी निघाले. बाकी सगळे पदवी-पदव्युत्तर विद्यार्थी, पीएचडीनंतर संशोधन करणारे पोस्टडॉक, तंत्रज्ञ, प्रयोगशाळेचे कर्मचारी. पुण्या-मुंबईहून, नागपूर-औरंगाबादहून एमएस-पीएचडीला गेलेली मुलं ज्या सहायकवेतनावर शिकतात ते याच साखळीतून येतं. प्राध्यापकाचं अनुदान नूतनीकरणाला नाकारलं गेलं की पुढच्या सत्राचं शुल्क कोण भरणार, हा प्रश्न त्या मुलांच्या घरी फोनवर बोलला जातो. ‘प्राध्यापकांची चैन’ म्हणून अनुदानांची हेटाळणी करणाऱ्यांना ही पगारपत्रकं वाचायला द्यावीत.

हेटाळणी झालीच. ऑगस्ट २०१० मध्ये सिनेटर टॉम कोबर्न आणि जॉन मॅकेन यांनी उधळपट्टीच्या शंभर उदाहरणांचा अहवाल काढला. त्यात वेक फॉरेस्ट विद्यापीठातला माकडांवर कोकेनचा परिणाम पाहणारा ७१ हजार ६२३ डॉलरचा प्रकल्प होता, आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा हिंदी महासागरातल्या बेटांवरच्या मुंग्यांचा अभ्यासही होता. वृत्तवाहिन्यांनी माकडं उचलून धरली. व्यसनाने मेंदूतली रासायनिक देवाणघेवाण कशी बदलते हे माणसांवर प्रयोग करून शोधता येत नाही, आणि त्या काळात अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दरवर्षी हजारो माणसं मरत होती, हे सांगायला एका वाक्याहून जास्त वेळ लागत नाही. तेवढा वेळ कुणी दिला नाही. विद्यापीठांनीही तो मागायला हवा होता. सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने आपलं काम साध्या भाषेत सांगण्याची जबाबदारी टाळली की ती जागा दुसरा कुणीतरी भरतो.

मग आला २०११, आणि सॅनफर्ड यांचा प्रश्न उभा राहिला. एनआयएचने याआधीही असा धक्का खाल्ला होता. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत तिचं अंदाजपत्रक साडेतेरा अब्जांवरून २७ अब्जांवर गेलं, म्हणजे दुप्पट झालं, आणि नंतर गोठलं. वाढीच्या काळात विद्यापीठांनी इमारती बांधल्या, माणसं घेतली, जास्त विद्यार्थी पीएचडीला घेतले. ती सगळी माणसं नंतर त्याच गोठलेल्या पैशासाठी अर्ज करू लागली आणि अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण घसरलं. २००९ च्या पैशाने तोच खेळ दोन वर्षांत पुन्हा खेळला गेला. दोन वर्षांची अनुदानं संपली तेव्हा त्यांवर नेमलेल्या पोस्टडॉकना आणि तंत्रज्ञांना पुढे ठेवायला पैसा नव्हता. २०११ मध्ये एनआयएचकडच्या अर्जांपैकी जेमतेम १८ टक्के मंजूर झाले. मार्च २०१३ मध्ये तूट कमी करण्यासाठी सरसकट कपात लागू झाली आणि संस्थेचे दीड अब्जांहून जास्त डॉलर गेले. त्या वर्षी मंजुरीचं प्रमाण १७ टक्क्यांखाली आलं. चार वर्षांपूर्वी ज्यांना ‘लवकर खर्च करा, माणसं घ्या’ म्हणून सांगितलं होतं, तीच माणसं आता कमी करावी लागत होती.

राज्यांचंही तेच. ऑगस्ट २०१० मध्ये संसदेने आणखी २६ अब्ज दिले, त्यातले १० अब्ज शिक्षकांच्या नोकऱ्यांसाठी. त्यानंतर हात आखडला. मंदी संपून वर्षं लोटली तरी राज्य व स्थानिक सरकारांमधली नोकरकपात चालूच राहिली आणि देशाच्या सावरण्याला तिने मागे खेचलं. एका पिढीच्या विद्यार्थी-कर्जाचं ओझं त्या वर्षांतल्या शुल्कवाढीने वाढवलं.

अकरा वर्षांनी कोविड आला तेव्हा धोरणकर्त्यांना हा इतिहास पाठ होता. २०२१ च्या कायद्याने राज्य व स्थानिक सरकारांना ३५० अब्ज डॉलर दिले, आणि ते कुठे लावायचे हे ठरवायला २०२४ अखेरपर्यंत, प्रत्यक्ष खर्चायला २०२६ अखेरपर्यंत मुदत ठेवली. महाविद्यालयांना तीन हप्त्यांत मिळून सुमारे ७६ अब्ज मिळाले. त्यातला मोठा वाटा थेट विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची सक्ती होती. या वेळी राज्यांना दिलेली मदत गरजेपेक्षा जास्तच ठरली, कारण त्यांचे कर लवकर सावरले. अनेक राज्यांनी त्या सुबत्तेत करकपाती केल्या आणि त्यावरून न्यायालयीन वाद झाले.

संशोधनाच्या वाट्याला मात्र या वेळी उलटं आलं. मार्च २०२० मध्ये विद्यापीठांच्या प्रयोगशाळा बंद झाल्या. प्रयोगासाठी वाढवलेले उंदीर मारावे लागले, क्षेत्रभेटी रद्द झाल्या, पण अनुदानातून पगार चालू ठेवायला सरकारने परवानगी दिली, आणि ती योग्यच होती. परिणाम असा की माणसं टिकली, पण प्रयोग न होता पैसा संपत गेला. अर्धवट राहिलेली कामं पूर्ण करण्यासाठी सुमारे २५ अब्ज डॉलरची तरतूद करणारं विधेयक २०२० मध्ये मांडलं गेलं, २०२१ मध्ये पुन्हा मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही. २०२१ च्या त्या अवाढव्य मदत कायद्यात एनएसएफला मिळाले ६० कोटी. तीन-चार वर्षं एका प्रश्नावर खपलेले किती डॉक्टरेटचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक त्या काळात विज्ञान सोडून गेले असतील, त्यांची मोजणी करण्याची तिमाही अट या वेळी कुणी घातली नव्हती.